शेंग तडकेपर्यंत

गवत खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तोही डोक्याला कोशा पटका, अंगात खाकी कोट आणि पायात करकर वाजणाऱ्या वहाणा अशा थाटातला. आमच्या दारात उभं राहून केशवराव मिठारींनी कुंपणाकडेची एक काडी उपटली, दाढेखाली धरली, डोळे मिटून चावली आणि थुंकून टाकत म्हणाले, "गोडी न्हाय. ह्या गावची जनावरं जगत्यात तरी कशी?" नमस्कार त्यानंतर.

संस्थान विलीन होऊन एक पावसाळा गेला होता. मिठारी दरबारच्या पागेकडचे. घोड्यांच्या चाऱ्यासाठी राखलेल्या कुरणांवर त्यांची सगळी उमर गेलेली. विलीनीकरणानंतर घोडी गेली, कुरणं नांगराखाली गेली आणि मिठारींना शेतकी खात्यानं हंगामी म्हणून घेतलं. आमच्या गावचं गायरान सुधारायचं काम त्यांच्याकडे आलं. गाव गगनबावड्याच्या वाटेवरचं. नाव मी सांगत नाही, कारण ही गोष्ट काढली की तिथली माणसं अजूनही उठून जातात. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर होते. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत वाढलेली, दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून घेतलेलं दूध प्यायलेली. म्हैस काय खाते याची चौकशी मी कधी केली नव्हती. शाळेला लागून आमचं घर होतं आणि घराच्या सोप्यात मिठारी राहायला आले. एक ट्रंक, एक वळकटी आणि रानमुगाच्या बियांचं एक पोतं. ट्रंक त्यांनी गाडीवानाला उतरवू दिली, पोतं स्वतः उतरवलं.

सकाळी पटका बांधल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. पटका बांधायला आमचा आरसा लागे आणि धरायला मी. "वहिनी, जरा डावीकडं. आता हलू नगा." मी चुलीवर दूध ठेवून आलेली असे, ते उतू जाई. गावात निघाले की माणसांच्या आधी जनावरांना रामराम. कुणाच्या दारात पडलेलं शेण दिसलं की काडीनं उकलून बघायचं आणि घरच्या बाईला सांगायचं, "म्हशीला नुसतं वाळकं घालतीस व्हय गं? बघ की, काड्या हाय तशा बाहीर आल्यात." असा माणूस एखाद्यानं हाकलून दिला असता. पण त्यांच्या आवाजात एक हक्क होता, आईच्या भावाचा असतो तसा. महिन्याभरात सगळं गाव त्यांना मामा म्हणायला लागलं. पाटीलसुद्धा, आणि पाटील त्यांच्याहून वयानं मोठे होते.

गंगूबाईनं तर ते नातं पक्कंच करून घेतलं. गंगूबाई आमच्या शेजारची. नवरा पलटणीत, वर्षातून एकदा येणारा. पदरात एक लहान पोरगं, दारात चिमणी नावाची म्हैस. आमचं दूध तिच्याकडूनच. तिला पाठचा भाऊ नव्हता. पहिल्याच दिवाळीत भाऊबीजेला ती तबक घेऊन आमच्या सोप्यात आली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही साऱ्या गावाचं मामा, पर माझं भाऊ. बसा पाटावर." मिठारी पाटावर बसले. तिनं ओवाळताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी कोटाच्या बाहीला पुसले. हे खोटं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की माणूस पहिल्यापासूनच तसा असणार. तसा तो नव्हता.

गायरान म्हणजे गावामागचा लांबलचक माळ. त्याच्यावर कुसळी गवत. पावसात ते हिरवं दिसतं, दसऱ्यानंतर त्याला सुईसारखी कुसळं येतात. ती जनावरांच्या तोंडात रुततात आणि माणसांच्या कपड्यांत. मिठारींचा बेत असा होता की तिथं मारवेल गवताचे ठोंब लावायचे, आणि ते रुजले की त्यांच्यामध्ये रानमूग पेरायचा. गवत आणि शेंगवर्गाचा वेल एकत्र वाढवायचा, दोन्ही एकदम कापून जनावराला घालायचं. दरबारच्या घोड्यांना ते हेच देत. पण त्यासाठी दोन पावसाळे गायरान बंद ठेवायला हवं होतं. एकही जनावर आत सोडायचं नाही. गावानं हे ऐकलं आणि हसून सोडून दिलं.

तेव्हा मिठारींनी गावाला जेवायला बोलावलं. म्हणजे बोलावलं त्यांनी, रांधलं मी. चार बायका हाताशी घेऊन मी सकाळपासून भाकरी थापत होते. भैरोबाच्या देवळासमोर पंगत बसली. पत्रावळीवर भाकरी वाढली गेली आणि वाढपी थांबले. लोक वाट बघत बसले. पाटलांनी भाकरीचा एक तुकडा मोडून हातात धरून ठेवला होता.

"मामा, कोरड्यास वाढा की," कोणीतरी म्हणालं.

"न्हाय. हेच हाय," मिठारी कंबरेवर हात ठेवून पंगतीतून फिरत म्हणाले.

"नुसती भाकरी?"

"व्हय. जेवा पोटभर. पाहिजे तेवढी हाय."

"आवो पर नुसती भाकरी नरड्याखाली उतरायची कशी?" पाटील आता चिडले होते.

"का? तुमची म्हस उतरवतीया की बारा म्हैनं. गवत म्हंजे भाकरी, पाटील. रानमुगाचा पाला म्हंजे आमटी. नुसत्या भाकरीवर तालमीत कोण पैलवान झालाय काय? मग नुसत्या गवतावर म्हस दूध कुठनं देईल?"

पंगतीत हशा पिकला. मिठारींनी हात वर केला आणि आतून आमटीचं भगुणं आलं. मी त्यात कांदा-लसणाचं तिखट सढळ हातानं घातलं होतं. नुसत्या भाकरीनंतर ती आमटी लोकांना इतकी गोड लागली की भगुणं पुसून काढलं. हात धुऊन सगळे देवळात गेले. तिथं घराघरातल्या कर्त्या माणसानं भंडारा, म्हणजे देवापुढची हळद, उचलला. भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडायची आमच्याकडे कुणाची छाती नसते. मोडली तर घराला बाधते असं मानतात. शपथ अशी, की दोन पावसाळे गायरानात जनावर सोडणार नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात शेंग तडकून बी खाली पडल्याशिवाय कोयता लावणार नाही. ही दुसरी अट मिठारींची. भंडारा त्यांनी सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या देखत उचलला आणि कपाळाला लावला.

ती दुसरी अट ते पुन्हा पुन्हा समजावत. मारवेल कापला तरी फुटतो, पण रानमुगाचा वेल एका हंगामाचा. बी पडलं तरच पुढच्या पावसात उगवणार. "शेंगंतलं निम्मं जनावराचं, निम्मं भुईचं," ते म्हणायचे. "भुईचा वाटा खाणाऱ्याला भुई पुन्हा दारात उभं करत न्हाय." आमच्या यजमानांनी हे वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं. मला तेव्हाही ते जरा नाटकी वाटलं होतं, पण नाटकी बोलणं ही त्या माणसाची सवयच होती.

पहिला पावसाळा ठोंब लावण्यात गेला. जनावरं घरी बांधलेली. बांधावरचं ओरबाडून, उसाचं वाडं मागून आणून लोकांनी दिवस काढले. एक दिवस गंगूबाईच्या चिमणीनं दावं तोडलं आणि ती थेट गायरानात. मिठारींनी तिला स्वतः हाकत नेऊन कोंडवाड्यात घातलं. गंगूबाई आमच्या दारात येऊन भांडली. "बहिणीची म्हस कोंडतासा? ववाळून घेताना ग्वाड लागलं."

"बहिणीची म्हस सोडली तर उद्या गावाची कशी कोंडू?" मिठारी म्हणाले.

तिनं बोलणं टाकलं. त्या संध्याकाळी मिठारींना डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन कोंडवाड्याकडे जाताना साऱ्या गावानं पाहिलं. पटक्यावर भारा ठेवता येत नाही, म्हणून पटका माझ्याकडे ठेवून गेले होते. बोडक्या डोक्याचे मिठारी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, टक्कल होतं. गंगूबाईनंही पाहिलं आणि ती हसली. दुसऱ्या दिवशी बोलायला लागली.

पण तिच्या मनानं हाय खाल्ली होती. पुन्हा म्हैस सुटली तर भंडारा मोडेल. दुसऱ्या पावसाच्या तोंडाला तिनं चिमणी गडहिंग्लजकडे मावशीच्या घरी नेऊन बांधली. पोरगं कोरा चहा प्यायला लागलं. आम्हीही. मी कुरकुरले तेव्हा ती म्हणाली, "मास्तरीणबाई, मामानं सांगितलंय की. एक पावसाळा. मग बघा, घागरीनं दूध घालतो तुमास्नी."

बी मिठारींच्या पोत्यातलं होतं, ते दरबारच्या कुरणातलं शेवटचं. ते पुरेना म्हणून बायकांनी बांधाबांधावरून रानमुगाच्या शेंगा वेचून आणल्या होत्या. दोन्ही मिसळलं. रानमुगाचं बी टणक. मिठारी आमच्या सोप्यात बसून ते वाळूबरोबर गोणपाटात घासत आणि पेरायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या पातेल्यात ऊन पाण्यात भिजवत. बोट बुडवून ते पाणी बघत, तान्ह्याच्या आंघोळीचं बघतात तसं. मारवेलाच्या ओळींमध्ये त्यांनी ते सगळं पेरलं. मागं काही ठेवलं नाही.

आणि ते उगवलं. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी मी गायरानावर गेले तर तो माळ ओळखू येईना. मारवेल कमरेएवढा, त्याच्यावर चढलेले रानमुगाचे वेल, वेलांना पिवळी फुलं. लोक संध्याकाळचे नुसते बघायला जात. मिठारी उकिडवे बसून शेंगा चाचपत. उभ्यानं गवत बघणाऱ्यांचा त्यांना राग होता. "वल्ल्या हाईत अजून. काळ्या पडतील, वाळतील, मग तटातटा तडकतील. कार्तिकी पुनवंपतोर दम धरा." दिवाळी जवळ आली होती. पाडव्याला आमच्याकडे म्हशींची शिंगं रंगवून मिरवणूक काढतात. त्या पाडव्याला गावच्या म्हशींच्या बरगड्या दिसत होत्या, पण लोकांनी त्या तशाच रंगवून मिरवल्या. पाटील म्हणाले, "फुडल्या पाडव्याला कोल्हापूरची मानसं बघाय येतील."

त्याच दिवशी दुपारी कोल्हापूरहून खात्याचा शिपाई सायकलवर आला. पुण्याचे मोठे साहेब दौऱ्यावर येणार होते, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यांना कुरण बघायचं होतं. कापलेल्या चाऱ्याच्या गंज्या, चारा खाणारी जनावरं, फोटो. शिपाई चहा पिताना मिठारींना सांगत होता की दरबारी माणसांपैकी कुणाला कायम करायचं ते साहेब या दौऱ्यातच ठरवणार आहेत.  संध्याकाळी मिठारी गायरानावर गेले नाहीत. मला वाटलं, सणाचा दिवस, थकले असतील.

भाऊबीजेला गंगूबाई तबक घेऊन आली. यंदा तिनं करंज्या केल्या होत्या, पाण्यातल्या पिठाच्या, कारण घरात दूध नव्हतं. मिठारी पाटावर बसले. तिनं ओवाळलं. त्यांनी तिच्या तबकात एक खण ठेवला आणि तिच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "गंगू, चिमणीला कवा आणतीस?" ती म्हणाली, "शेंग तडकली की." त्यावर त्यांनी मान हलवली. मी तिथंच उभी होते. ती मान हलवणं मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गायरानावर परगावची माणसं कोयते घेऊन उतरली. गावातल्या कुणाला मिठारींनी बोलावलंच नव्हतं. कोणी लावलाच नसता कोयता. आम्ही जाऊन पोचलो तोवर अर्धा माळ आडवा झाला होता. हिरव्या शेंगा वेलांसकट भाऱ्यात बांधल्या जात होत्या. मिठारी पटका बांधून उभे होते. त्या दिवशी तो त्यांनी माझ्या आरशाशिवायच बांधला होता.

गंगूबाई धावत पुढं गेली. तिनं एक शेंग उचलून त्यांच्यासमोर धरली. "मामा, शेंग वल्ली हाय. आवो मामा, थांबवा त्यास्नी. शेंग वल्ली हाय."

"गप बस," मिठारी म्हणाले. "तुला काय कळतंय गवतातलं?"

पाटील मागून म्हणाले, "भंडारा उचललाय मामा तुम्ही." त्यांच्याकडे मिठारींनी पाहिलंही नाही. कापणाऱ्यांना म्हणाले, "हात उचला. साहेब यायची वेळ झाली."

साहेब आले. जीपमधून उतरले, उभ्यानंच गंज्या बघितल्या, "वा, वा" म्हणाले. फोटोसाठी शेजारच्या गावातल्या धष्टपुष्ट म्हशी आणून उभ्या केल्या होत्या, कारण आमच्या गावच्या म्हशी दाखवण्याजोग्या नव्हत्या. मिठारींनी साहेबांना हार घातला आणि दरबारी मुजरा केला. चहासुद्धा न घेता जीप परत गेली. चारा गावाला वाटून दिला गेला. जनावरांनी तो चवीनं खाल्ला, त्यांना काय. पुढच्या सालचं बी त्यांच्या पोटात गेलं.

मिठारी कायम झाले आणि त्यांची बदली कोल्हापूरला झाली. जायच्या दिवशी वळकटी बांधताना मला म्हणाले, "वहिनी, माणसानं आपल्या पोटाचं बघायचं का न्हाय? घरात दोन लेकी हाईत लग्नाच्या. ह्या वयात हंगामी म्हणून काढलं असतं तर कुठं गेलो असतो? मिरगाच्या आधी मी बी घेऊन येतो. पुन्हा पेरूया."  लेकी होत्या हे खरं होतं. काढलं असतं हेही कदाचित खरं असेल. त्याबद्दल मला राग नाही. राग आहे तो असा, की त्या माणसानं विचारलं नाही. गावाला एक शब्द टाकला असता, की बाबांनो, माझी नोकरी जातीय, तर त्याच पाटलांनी भैरोबाला कौल लावून, नारळ फोडून एक पट्टा कापून दिला असता, स्वतः गंजी रचली असती, आपली म्हैस धुऊन फोटोला उभी केली असती. गंज्या उभ्यानं बघणाऱ्या साहेबाला एका पट्ट्यातलं आणि साऱ्या माळातलं काय कळणार होतं? ज्या गावानं त्याच्या एका शब्दावर दोन पावसाळे जनावरं उपाशी ठेवली, त्या गावावर त्या माणसाचा एवढासाही विश्वास नव्हता. आणि आदल्याच दिवशी पाटावर बसून ओवाळून घेतलं. हे मला सोसत नाही. इतकी वर्षं झाली तरी सोसत नाही.

मिरग आला. मिठारी आले नाहीत. पावसानंतर मारवेल थोडा फुटला, पण त्यात वेल एकही नव्हता. भंडारा मामानंच मोडला, आता कुणावर बंधन नाही, असं म्हणून गावानं सगळी जनावरं एका दिवसात गायरानात घातली. नंतर पुन्हा कधी कोणी बंदीचा विषय काढला तर लोक म्हणत, "आमटीबी खाल्ली आनी भंडाराबी उचलला, पुरं झालं." कुसळी दोन वर्षांत परत आली. चिमणी गडहिंग्लजकडेच राहिली. इथं आणून तिला घालणार काय? मावशीच्या घरी ती व्यायली, तिथंच तिचं दूध निघायला लागलं. गंगूबाईचं पोरगं कोऱ्या चहावर मोठं झालं. पुढं कधी दूध मिळालं तरी त्याला ते आवडेना.

त्यानंतर काही वर्षांनी मी मिठारींना एकदाच पाहिलं. दसरा-दिवाळीच्या मधले दिवस होते. मी गंगूबाईच्या दारात बसून तिच्याबरोबर तांदूळ निवडत होते. यष्टीतून एक म्हातारा उतरला, पांढरी टोपी, हातात छत्री. गावात न शिरता तो बांधाबांधानं गायरानाकडे गेला. चालीवरून मी ओळखलं. गंगूबाईनं वर बघितलं आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

बऱ्याच वेळानं ते खाली आले. गुडघ्यापर्यंत धोतरात कुसळं भरलेली, चालवत नव्हतं. गंगूबाईच्या पायरीशी आले आणि न विचारताच बसले. एकेक कुसळ उपटून डाव्या तळहातावर ठेवायला लागले. खाली टाकत नव्हते. खाली पडलं की ते उगवतं, हे विसरण्याइतका तो माणूस म्हातारा झाला नव्हता. आम्ही दोघी बघत होतो. तळहात भरला तेव्हा त्यांनी वर पाहिलं, आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे.

"गंगू, ही कुठं टाकू?"

ती उठून आत गेली. आमच्याकडे दारात आलेल्या परक्या माणसालाही गूळपाणी दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत. तिनं गुळाचा खडा आणि तांब्या आणून त्यांच्यासमोर पायरीवर ठेवला आणि हात पुढं केला.

"आना हिकडं, चुलीत टाकतो. पानी घ्या, पावणं."

 मिठारींनी कुसळं तिच्या हातावर ओतली, गूळ न घेता दोन घोट पाणी प्यायले आणि छत्री टेकत उठले. यष्टीला अजून अवकाश होता, जेवणवेळ झाली होती आणि आमचं घर चार पावलांवर होतं. जाताना त्यांनी आमच्या सोप्याकडे वळून बघितलं. त्या दिवशी माझ्या चुलीवर आमटी होती. मी त्यांना जेवा म्हटलं नाही.